पडीक जमिनीचं खुलं रान: खानदेशात पहिल्यांदा काम हाती घेणाऱ्यांसाठी

गावाबाहेर अशी एक जागा असतेच. रस्त्याच्या कामाला मुरूम काढून सोडून दिलेली खदान, वीटभट्टी उठून गेल्यावर उरलेले खड्डे, पाझर तलावाच्या वरचा बरड उतार, नाहीतर वेड्या बाभळीने गिळलेलं गायरान. शहराजवळ असेल तर रात्रीतून तिथे ट्रॉल्या रिकाम्या होतात. मग एखाद्या पावसाळ्यात गावातली चार पोरं, एक निवृत्त गुरुजी आणि बचत गटातल्या दोन-तीन बाया एकत्र बसतात आणि ठरवतात की इथे सगळ्यांना फिरता येईल असं काहीतरी करू. हा लेख त्यांच्यासाठी आहे. धुळे तालुक्यातल्या अशाच एका जागेवर, खदान आणि तिला लागून असलेलं गायरान मिळून १८ एकरांवर, आम्ही काही वर्षं काम करतो आहोत. आमच्या हातून काय चुकलं तेही सांगतो, म्हणजे तुमचे दोन-तीन पावसाळे वाचतील.

आधी डोळ्यांसमोरचं चित्र नीट करू. हिरवळ, कारंजं, रंगीत दिवे आणि तिकीटखिडकी असलेली बाग आपल्याला करायची नाही. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने ‘कंट्री पार्क’ची सोय केली. वस्तीपासून फार लांब नसलेलं मोकळं रान, तिथे कुणीही यावं, चालावं, डबा खावा, परत जावं. तिथली कितीतरी उद्यानं बंद पडलेल्या खाणींवर आणि खडी-वाळूच्या खड्ड्यांवर उभी राहिली. आपल्या देशात जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा उद्यान आहे. सुमारे ७० हेक्टर खडकावर माजलेली वेडी बाभूळ २००६ पासून काढत काढत तिथे मारवाडातली मूळची झाडंझुडपं परत आणली. गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान तर जुन्या खाणींवरच वसलं आहे. इतक्या लांब जायला नको असेल तर जळगावला लांडोरखोरीत एक सकाळ घालवा. लोक काय करतात, कुठे बसतात, कुठल्या वाटेने मुद्दाम जातात, ते नुसतं पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

आणि एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा. पहिल्या वर्षी एकही झाड लावायचं नाही. का, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: जागा कागदावर कुणाची?

ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडून, जागेच्या गटाचा सातबारा आणि गावनकाशा काढा. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ हा रकाना असतो, तो ओळ न् ओळ वाचा. गाव नमुना १-ई मध्ये सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांची नोंद असते, तीही बघा. त्यावरून जागा कुठल्या प्रकारची आहे ते ठरेल आणि पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरेल.

गायरान असेल तर जमीन सरकारची आणि राखायची जबाबदारी ग्रामपंचायतीची. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. त्यानंतर आपल्या राज्यातही गायरान दुसऱ्या कामाला वापरण्यावर कडक निर्बंध आले. म्हणून ‘उद्यानासाठी जागा द्या’ असा अर्ज करू नका. गायरान गायरानच राहू द्या. कुरण सुधारायचं, माती-पाणी अडवायचं, कडेने पायवाट करायची, असा प्रस्ताव करा आणि मनातूनही तेच करा. चराईचा हक्क शाबूत राहिला की निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत.

वनखात्याची जमीन असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो. खात्याला सोबत घेतल्याशिवाय तिथे फावडंही मारायचं नाही. नंदुरबार जिल्ह्यात, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या भागातल्या काही आदिवासी गावांना २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. तुमचं गाव त्यात असेल तर जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचाच आहे. तुम्ही गावाबाहेरचे असाल तर तिथे मदतनीस म्हणून जा, ठरवणारे म्हणून जाऊ नका. नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत विकास आराखडा मागून बघा. जागेवर कशाचं आरक्षण आहे, मैदानाचं, बागेचं की रस्त्याचं, ते कळलं नाही तर दहा वर्षांनी तुमच्या वाटेवरून डांबरी रस्ता जाईल.

खासगी जमीन असेल तर नोंदणीकृत करार झाल्याशिवाय एक खड्डाही खणू नका. आमचा पहिला प्रयत्न एका जमीनमालकाच्या तोंडी शब्दावर झाला. माणूस चांगला होता. दोन वर्षांनी घरच्या अडचणीमुळे त्याने जमीन विकली आणि नव्या मालकाने नांगर घातला. रोपं गेली त्यापेक्षा पाणी घालणाऱ्या शाळकरी मुलींचा विश्वास गेला, त्याचं दुःख अजून आहे.

कागद झाला की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते, तरी आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून या: “आप्पा, उद्या मोजणी आहे, या.” हद्दीचे दगड सगळ्यांसमोर रोवा आणि फोटो काढा. मगच ग्रामसभा. ठरावात जमिनीची मालकी बदलणार नाही, येणाऱ्याला पैसे पडणार नाहीत, चराई कशी चालेल आणि राखण कोण करेल, ही चार वाक्यं स्पष्ट हवीत.

दुसरी पायरी: तिथे आधीपासून कोण आहे?

‘पडीक’ हा महसुली शब्द आहे. गावात एकही जागा खरोखर पडून नसते. प्रत्येक ऋतूत एक आठवडा, पहाटे पाचपासून दिवेलागणीपर्यंत, आळीपाळीने तिथे बसा आणि वहीत टिपा. कोणाच्या शेळ्या कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने जातात. सरपणाला कोण येतं. ठेलारी मेंढपाळांचा वाडा तिथे कधी बसतो. कोपऱ्यातल्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ कोण फोडतं. डब्याला कोण जातं, पत्ते कुठे रंगतात, दारू कुठे पितात. एखादी जुनी दफनभूमी आहे का, हे वयस्कर माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आम्ही हे केलं नव्हतं. वर्गणीतून काटेरी तार आणली, चारी बाजूंनी कुंपण केलं, आणि महिन्याच्या आत तार तीन ठिकाणी कापलेली. आम्ही चोर शोधत बसलो. शेवटी शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनीच सांगितलं, “भाऊ, आठून पानीनी वाट शे.” नाल्यातल्या डोहाकडे जाणारी गुरांची जुनी वाट आम्ही बुजवली होती. मग तार काढून दहा हात रुंदीची वाट मोकळी सोडली, तिच्या दोन्ही अंगांना बोराटी आणि दगडांची ताल घातली. त्यानंतर तार कापली गेली नाही. त्या आजोबांचा नातू आज आमचा राखणदार आहे.

जागेचे तीन तुकडे करा. एक तुकडा दोन पावसाळे पूर्ण बंद, बाकी दोन चराईला खुले, मग पाळी बदलायची. बंद तुकड्यातलं गवत दिवाळीनंतर विळ्याने कापून न्यायला गावाला मुभा द्या. उभं चरण्यापेक्षा कापून नेलेल्या गवतात जास्त पेंढ्या निघतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की लोक स्वतःच बंदी पाळतात. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून उघड्या डोंगरांवर गवत परत आणलं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने आपलं जंगल राखलं, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. दोन्ही गावांत जाऊन या. रोपांची संख्या विचारू नका, गावाने नियम कसे ठरवले आणि मोडणाऱ्याचं काय केलं ते विचारा.

तिसरी पायरी: एक वर्ष नुसतं पाहणं

हे सगळ्यात अवघड आहे, कारण लोक विचारतात, “काय चाललंय तुमचं?” सांगा, पाहतो आहोत.

गावनकाशाची मोठी प्रत काढून तिच्यावर टिपत जा. उतार कुठून कुठे, दगड कुठे उघडा पडलाय, काळी माती कुठे, मुरूम कुठे. ठिकठिकाणी दोन फूट खोल खड्डे घेऊन माती पाहा. आठ-दहा जागा ठरवून दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. भर पावसात छत्री घेऊन चालत जा आणि पाणी कुठून येतं, कुठे वेग घेतं, कुठे साचतं ते बघा. त्या एका तासात जे कळतं ते महिनाभराच्या बैठकांत कळत नाही.

गवतं, झाडं, पक्षी टिपा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती मागा. कोरी असेल तर तुम्हीच भरायला बसा. रानभाज्या ओळखणाऱ्या बायांना सोबत घ्या. पुस्तकातून तासभर शोधावं लागतं ते त्या चालता चालता सांगतात.

या वर्षात एक मोठा निर्णय घ्यायचा आहे: हा माळ आहे की रान? खानदेशाच्या सपाटीवर पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. इथले कितीतरी बरड उतार मुळात गवताचेच आहेत, अधूनमधून एखादं हिवर, एखादी बोर. टिटवी, चंडोल, तित्तर जमिनीवरच घरटं करतात. अशा माळावर दाटीवाटीने झाडं लावली तर टँकर संपेपर्यंत ती हिरवी दिसतात, आणि जे मुळात जिवंत होतं ते मात्र निघून जातं. फूट-दोन फुटांवर रोप लावण्याची जपानी पद्धत आता फार लोकप्रिय आहे. शहरातल्या एखाद्या कोपऱ्यात ती शोभेल. आपल्या माळावर ती करू नये, असं माझं स्वच्छ मत आहे.

चौथी पायरी: जीवघेण्या जागा आधी

लोकांना बोलावण्याआधी त्यांचा जीव सुरक्षित हवा. खदानीच्या भिंती उभ्या असतात आणि पावसाळ्यात आत पाणी भरतं. उन्हाळ्यात पोरं पोहायला उतरतात, वर यायला पाय ठेवायला जागा नसते. निदान एक बाजू पूर्ण उतरती करा, तीन फूट आडवं जाऊन एक फूट खाली, म्हणजे घसरलेला माणूस चालत बाहेर येईल. बाकीच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी तोडा, काठापासून मागे दगडी कठडा घाला, आणि दोर व लांब बांबू कायम तिथेच ठेवा. मुरमाची एखादी उभी दरड मात्र माणसं पोहोचणार नाहीत अशा जागी तशीच राखा. वेडे राघू अशा दरडीत बिळं करून घरटी घालतात.

जुन्या विहिरीला कठडा आणि जाळी. विजेच्या तारांखाली उंच होणारं झाड नाही. फुरसं आणि घोणस या भागात आहेतच, म्हणून साप चावल्यावरची लस जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात मिळते, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे आधी विचारून फाटकावर लिहा.

कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून रोपं लावण्याचा मोह होतो. तसं करू नका. खाली कचरा कुजत राहतो, वायू निघतो, काळं पाणी झिरपतं, मुळं मरतात. पालिकेने आधी तो ढीग उकरून, चाळून वेगळा केला पाहिजे. तोवर ती बाजू कुंपणाबाहेर ठेवा.

पाचवी पायरी: पाणी थांबवा

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हा आकडा पाठ करा. तासाभरात ३० मिलिमीटर पडला तर हेक्टरी तीन लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे साठ टँकर. ते उघड्या मुरमावरून धावत गेलं तर सोबत मातीही नेतं.

मुरमाड उतारावर सलग समतल चर घ्या. समपातळीची रेघ काढायला महागडं यंत्र लागत नाही. सहा-सात फुटांच्या दोन काठ्या वर बांधून खाली पाय फाकवा, मध्ये आडवी पट्टी मारा आणि शेंड्यापासून दगड बांधलेली दोरी सोडा. ही झाली ए-फ्रेम. दोन पायांच्या जागी खुणा करून दोरी पट्टीवर जिथे येते तिथे रेघ मारा, मग पाय अदलाबदल करून पुन्हा रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये समपातळी. शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आमच्याकडे अर्ध्या दिवसात सगळा वरचा उतार आखून दिला.

चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल घेतला तर एका मीटरला १८० लिटर पाणी धरतो. दर दहा मीटरवर एक ओळ घेतली तर हेक्टरी १,००० मीटर चर होतो आणि १,८०,००० लिटर पाणी थांबतं, म्हणजे वाहून जाणारा १८ मिलिमीटर पाऊस. उतार जास्त असेल तर ओळी जवळ घ्या. चर अखंड न करता मध्ये मध्ये मातीचा आडवा पट्टा सोडा, म्हणजे एक जागा फुटली तरी सगळं पाणी तिथून सुटत नाही. चरातली माती खालच्या अंगाला टाकून लगेच गवताचं बी पेरा.

भारी काळ्या मातीत मात्र चर घेऊ नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, चर ढासळतात. तिथे गवताचे बांध पुरतात. नाल्यात काम करायचं ते माथ्याकडून पायथ्याकडे, गुडघाभर उंचीचे सुट्या दगडांचे बांध घालत. तापीकाठच्या मऊ गाळाच्या जमिनीत घळी पडलेल्या असतील तर जेसीबीने सपाट करण्याच्या भरीस पडू नका. सपाट केलेली माती पुढच्या पुरात सरळ नदीत जाते. घळीचं तोंड जिथे वर सरकतं आहे तिथे दगड आणि गवत लावून तिला थांबवा.

ही कामं रोजगार हमीतून मागता येतात. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आहे आणि माती-पाण्याची कामं त्यात पहिल्यापासून आहेत. कामाची मागणी मजुरांनी लेखी करायची असते, म्हणून अर्ज त्यांच्याबरोबर बसून भरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. खणायचं काम पहाटे सहाला सुरू करून दहाला थांबवा.

सहावी पायरी: गवत

दोन पावसाळे चराई थांबली की बऱ्याच ठिकाणी गवत आपोआप येतं. आधी कुसळी येईल, तिची कुसळं पायजम्यात घुसतात म्हणून लोक कुरकुरतील. येऊ द्या, माती धरायला तीच पुढे असते. जिथे काहीच उगवत नाही तिथे मारवेल, शेडा, डोंगरी या गवतांचं बी माती आणि शेणात कालवून पहिल्या पावसाआधी टाका. बी जवळच्या राखलेल्या कुरणातून नोव्हेंबरात गोळा करता येतं.

गाजरगवत फुलण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा. हातमोजे घाला आणि नाकाला रुमाल बांधा, कारण अंगावर पुरळ उठतं, दमही लागतो.

वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुंध्यातून पाच फुटवे येतात. जमिनीखाली हातभर उकरून मुळाचा गड्डाच काढावा लागतो. जोधपूरला तर खडकात काम करणाऱ्या परंपरागत खाणकामगारांची मदत घ्यावी लागली. पण सगळी एकदम काढू नका. कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. दर वर्षी एक पट्टा काढा, लाकूड त्याच बायांना न्या म्हणा, आणि त्या जागी लगेच आपलं काहीतरी पेरा. मोकळी ठेवली की तिथे घाणेरी येते.

सातवी पायरी: आता झाडं

आता तुम्हाला माहीत आहे की पाणी कुठे थांबतं, म्हणून झाडाची जागा जमीनच सांगते. नाल्याच्या काठाला करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. काळ्या, पाणी धरणाऱ्या सखल भागात पळस आणि बाभूळ. बरडावर खैर, हिवर, बोर, हिंगणबेट, नेपती. दगडांच्या कपारीत सालई. आणि जिथे दुसरं काही जगत नाही तिथे अंजन.

अंजन हे आपलं झाड. सातपुड्याच्या आणि धुळ्याकडच्या कोरड्या टेकड्यांवर ते उभंच आहे, फक्त आपण त्याची रोपवाटिका करत नाही, कारण सुरुवातीची वर्षं ते वर दिसतच नाही. बी रुजलं की मूळ खोल जातं, वरचा कोंब उन्हाळ्यात वाळतो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटतो, असं कित्येकदा होतं. मग एके वर्षी ते सरळ वर निघतं. पिशवीत वाढवलं तर हेच मूळ तळाशी गोल फिरतं आणि झाड कायमचं अधू होतं. म्हणून अंजनाचं बी थेट जागेवर टोचा, एका जागी चार-पाच दाणे, आणि वाट बघा.

पळस, खैर, बोर यांचंही बी सरळ टोचावं. कडुनिंबाची निंबोळी पडली की आठवडाभरात पेरा, जास्त दिवस ठेवली तर उगवत नाही. बाभळीचं बी टणक असतं. शेळ्यांच्या वाड्यातून झाडून आणलेलं बी चांगलं रुजतं, कारण ते शेळीच्या पोटातून मऊ होऊन आलेलं असतं. वाडेवाल्यांना त्याचे पैसे द्या.

वड, पिंपळ, चिंच, कवठ अशी सावलीची थोडी झाडं बसण्याच्या जागांसाठी रोपं लावून वाढवा. गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, कोनोकार्पस कुणी फुकट दिले तरी नम्रपणे परत पाठवा.

किती रोपं? उन्हाळ्यात पाजता येतील तेवढीच. रोपाला दहा दिवसांतून दहा लिटर धरलं तर ५०० रोपांना एका पाळीत ५,००० लिटर, एक टँकर. फेब्रुवारीपासून जूनच्या दहा तारखेपर्यंत तेरा पाळ्या. तेरा टँकरचे पैसे आजच हातात नसतील तर २०० लावा. केळीच्या पट्ट्यात असाल तर बाग निघाल्यावर खोडाचे तुकडे आणून आळ्यात पसरा, ओल कितीतरी दिवस टिकते. त्याच शेतकऱ्यांकडे ठिबकच्या जुन्या नळ्याही पडलेल्या असतात. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर पाणी बंद. झाडं मोजायची ती लावलेल्या दिवशी नाही, दुसऱ्या जूनमध्ये.

आठवी पायरी: माणसांची वाट

गुरांनी आणि माणसांनी आधीच पाडलेल्या पायवाटा पाहा, त्या बहुतेक बरोबर असतात. दोन माणसं बोलत जातील इतकी, म्हणजे दीड मीटर रुंद वाट पुरते. ५०० मीटर लांब, दीड मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाडीचा मुरमाचा थर म्हणजे ७५ घनमीटर, साधारण साडेसव्वीस ब्रास. मुरूम आणताना रॉयल्टीची पावती घ्या. वाट उतारावरून सरळ खाली नेलीत तर पहिल्याच पावसात तिचा नाला होतो. तिरकी न्या आणि ठरावीक अंतरावर आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढा. फाटकापासूनचा पहिला टप्पा तरी चाकाच्या खुर्चीला चालेल असा हवा: बारा फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ नाही.

शौचालय फाटकाजवळच, दार आतून लागणारं, पाणी असलेलं. ते नसेल तर बाया येत नाहीत, आणि बाया आल्या नाहीत की जागा पुन्हा पत्ते खेळणाऱ्यांची होते. पिण्याच्या पाण्याला सावलीत रांजण. दर दीडशे-दोनशे मीटरवर दगडाची बैठक, म्हाताऱ्यांना टेकायला. झाडांची नावं मराठीत आणि अहिराणीत, नंदुरबारकडे पावरीत किंवा भिलीत. रात्रीचे दिवे अजिबात नकोत. खोकड, रातवा, घुबड यांची ती वेळ आहे. सूर्य मावळला की फाटक बंद.

नववी पायरी: राखण, पैसा आणि वर्षाचा फेरा

राखणदार हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामाला द्यावा लागतो. त्यांच्याकडे गेलात तर ते रोपं आणि फलक देऊ करतात. तुम्ही राखणदाराचा तीन वर्षांचा पगार मागा. दोन-तीन ठिकाणी नकार येईल, तरी तेच मागा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली संस्था नोंदवली असेल तर बोलणं सोपं जातं. जमाखर्च दर महिन्याला फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहा.

वणव्याची तयारी होळीच्या बरीच आधी झाली पाहिजे. दिवाळीनंतर गवत कापून झालं की जानेवारीत हद्दीने आणि वाटेच्या कडेने तीन-चार मीटर रुंद जाळरेषा साफ करा. रस्त्याकडच्या बाजूला जास्त रुंद, कारण विडीचं थोटूक तिकडूनच येतं. फाटकाजवळ पाण्याचा ड्रम, गोणपाट आणि ओल्या डहाळ्या तयार असू द्या आणि कोणाला फोन करायचा ती पाच नावं राखणदाराच्या खिशात. मार्च ते मे चालणाऱ्यांसाठी फाटक पहाटे साडेपाचला उघडा. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी आमच्याकडे निंबाला झोके बांधतात. त्या आठ दिवसांत बाकी कसलंही काम काढायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी फावडी घेऊन सगळ्या चरांवरून एकदा चालत जा. कुठेतरी नक्की फुटलेलं असतं. ते त्याच दिवशी बुजवा, कारण दुसरा पाऊस फार दिवस थांबत नाही.